बडेबाबूंचं विशेषण

घाटंजीत मला खोली मिळाली ती नोकरीच्या जोरावर नाही, आमच्या गावच्या एसटीच्या वेळांवर. मी आर्णीकडच्या एका खेड्यातला, नवा कोरा कृषी सहायक, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन दारात उभा होतो. घरमालक म्हणजे कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले बडेबाबू. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, गाव कसं आहे तुमचं? मी म्हटलं, छान आहे, लोक मायाळू आहेत, गावाजवळून नदी वाहते. बिनमिठाची भाजी पानात पडावी तसं त्यांचं तोंड झालं.

"लोक सगळ्याच गावचे मायाळू असतात आणि नदी वाहतेच. हे इन्फॉर्मेटिव्ह नाही. गावाले जायची एसटी किती वाजता?"

मी सांगितलं, सकाळी सात, दुपारी दीड आणि संध्याकाळी साडेपाच. पण बाजाराच्या दिवशी दीडची गाडी फाट्यावरूनच परत फिरते, तेव्हा त्या दिवशी सातचीच धरावी. बडेबाबू खुर्चीत ताठ झाले. हे इन्फॉर्मेटिव्ह आहे, म्हणाले, सामान आत आणा.

त्या घरात मी चार वर्षं राहिलो. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. समोर बडेबाबू आणि पाठीमागे इन्फॉर्मेटिव्हबाबू. पाठीमागचं नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

हा शब्द त्यांच्या आयुष्यात कसा आला, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितलं. ते तरुण असताना मारेगावकडे कारकून होते. एका ओढ्यावरचा रपटा, म्हणजे पुराचं पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल, फुटला होता. त्याच्या फायलीवर सगळ्यांनी एकच वाक्य लिहून ठेवलेलं: रपटा नादुरुस्त असून योग्य ती कार्यवाही व्हावी. फाईल यांच्याकडे आली तेव्हा हे रविवारी सायकलनं रपटा पाहून आले आणि लिहिलं की डाव्या अंगाचा काठ दोन हात तुटला आहे. रिकामी बैलगाडी जाते, भरलेली जात नाही. पाणी गुडघ्याला लागलं की पलीकडची पोरं शाळेतून परत फिरतात. आणि दुरुस्तीपुरता दगड शेजारच्या पडीक रानातच आहे. तिथले साहेब दक्षिणेकडचे, अक्षरांखाली बोट फिरवत मराठी वाचणारे. त्यांनी समासात तांबड्या शाईनं इंग्रजीत एकच शब्द लिहिला आणि फाईल परत पाठवली.

कचेरीत कुणालाच त्याचा अर्थ येईना. एकानं सांगितलं, ठपका आहे. दुसऱ्यानं त्यातला 'इन्फॉर्म' तेवढा ओळखला आणि छातीठोकपणे सांगितलं, साहेबांनी तुम्हाला खबऱ्या म्हटलं आहे. बडेबाबू आठ दिवस जेवले नाहीत, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणत, दोन दिवस. शेवटी त्यांनी यवतमाळला जाऊन डिक्शनरी विकत घेतली आणि दुकानातच उभ्या उभ्या पाहिलं: उपयुक्त माहिती देणारा. पोळ्याच्या आत रपटा दुरुस्त झाला. त्या दिवसापासून बडेबाबूंनी जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोन भाग केले, आणि त्यातला मोठा भाग त्यांच्या मते निकामी होता.

तिसऱ्या खेपेला ही गोष्ट चालू असताना काकू आतून म्हणाल्या, "एक डाव आयकलं का बस होते. तिसऱ्या डावाले ते इन्फॉर्मेटिव्ह राहत नाही." बडेबाबू थांबले, विचार केला, आणि मुद्दा बरोबर आहे म्हणून खरोखरच गप्प बसले. नवराबायकोचं भांडण इतक्या लवकर मिटलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

त्यांच्या खिशात लाल-निळी पेन्सिल असे. पेपर आला की आधी ते वाचत नसत, तपासत. पुढाऱ्याच्या भाषणावर लाल रेघ. कोणत्या केंद्रावर कोणत्या दिवशी कापूस घेणार, या दोन ओळींखाली निळी. लग्नपत्रिका आली की मंगलाष्टकांचा मुहूर्त, कुलदैवत, आमच्या येथे श्रीकृपेकरून वगैरे ओलांडून ते थेट तळाशी जात आणि स्टँडवरून मांडवात कसं जायचं हे नसलं तर पत्रिका परत पाठवत. खरोखर पाठवत, पोस्टानं. एका वधूपित्यानं चिडून त्यांना दारात गाठलं होतं. बडेबाबूंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, तुमचे पाव्हणे उतरतील कुठं? तो माणूस घरी गेला आणि उरलेल्या पत्रिकांवर हातानं लिहीत बसला.

गावात तो शब्द हळूहळू पसरला, आणि पसरताना झिजला. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला म्हणायचा, आज लय इन्फॉर्मेटिव्ह गर्मी आहे. एकदा कुणी भजी इन्फॉर्मेटिव्ह झाल्याचंही बोललं. बडेबाबू असल्या वेळी रस्ता ओलांडून जायचे. गर्मी नुसती गर्मी असते, ते न्हाव्याला समजावत. आज किती वाजेपर्यंत बाहेर निघू नये हे जो सांगतो, त्याचं बोलणं इन्फॉर्मेटिव्ह. त्यांची कसोटी दोन प्रश्नांची होती. हे मला आधी माहीत होतं का? आणि हे ऐकून मी उद्या सकाळी काय वेगळं करीन? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला काही नाही असं उत्तर आलं, की सांगणाऱ्यानं आपलं तोंड आणि ऐकणाऱ्याचे कान दोन्ही झिजवले असं ते म्हणत.

यात त्यांना काळवेळ कळत नसे, हेही सांगितलं पाहिजे. शेजारचे एक म्हातारे छातीत दुखून गेले. सगळे ओसरीत मान खाली घालून देवाची मर्जी म्हणत असताना यांनी मुलाला विचारलं, दुखायला किती वाजता लागलं, आणि जीप काहून नाही सापडली? मुलगा त्यांच्या अंगावरच धावला. मला इतकी लाज वाटली की मी चप्पल न घालताच बाहेर आलो. पुढच्या आठवड्यात चौकातल्या भिंतीवर बडेबाबूंच्या सुवाच्य अक्षरात एक कागद लागला: गावात जीप कोणाकोणाकडे आहे, कोण कोणत्या वेळी घरी असतो, कोणाची गाडी बाजाराच्या दिवशी बाहेर असते. तो मुलगा कागदापुढे बराच वेळ उभा होता. नंतर त्यानं त्यावर प्लास्टिक आणून चिकटवलं, पावसानं भिजू नये म्हणून.

ते दिवस कापसाचे वाईट होते. बियाणं नवं होतं, पाकिटावर हमी छापलेली असायची आणि अळी मात्र पाकीट वाचत नसे. त्या वर्षी पाऊस असा काही पडला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली. जो तो पाठीवर पंप बांधून औषध मारत होता. आमच्याकडे कीटकनाशकाला सगळे औषधच म्हणतात. दोन-दोन, तीन-तीन औषधं एका बादलीत कालवून मारत होते. डोक्यावर गेलेल्या झाडांत शिरून मारलेला फवारा झाडावर जितका पडे, तितकाच माणसाच्या तोंडावर पडे. फवारणी करताना माणसं भोवळ येऊन पडत असल्याच्या बातम्या गावोगावहून येऊ लागल्या, आणि आमच्या कचेरीत वरून एक मसुदा आला. तो छापून वाटायचं काम माझं होतं.

मी तो मसुदा मोठ्या अभिमानानं बडेबाबूंना दाखवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या उंबऱ्यावर होता, लाल झालेला. शेतकरी बंधूंनो, कीटकनाशकांची हाताळणी सुरक्षितरीत्या करावी: लाल. संरक्षक साधनांचा यथोचित वापर करावा: लाल. बाधा झाल्यास तात्काळ योग्य ते उपचार घ्यावेत: लाल, आणि समासात लिहिलेलं, 'योग्य ते' म्हणजे कोणते? मला राग आला. मी म्हटलं, वरून आलं आहे, माझ्या हातात काही नाही. ते शांतपणे म्हणाले, वरून पाऊसही येते, पण छत्री आपापली असते.

माझा राग जायच्या आत सोनाबाई आली. ती जवळच्या तांड्यावरची, बंजारा समाजाची, आठवड्यातून दोनदा अंबाडी नाहीतर वांगी घेऊन काकूंकडे येई. तिचा नवरा परसराम लोकांच्या शेतात मजुरीनं फवारणी करत होता. बडेबाबूंनी तिला ओसरीवर बसवलं आणि मला तो मसुदा वाचायला लावला. मी वाचला. ती पदर नीट करून शेवटपर्यंत ऐकत राहिली. झाल्यावर म्हणाली, बरं हाय. बडेबाबूंनी विचारलं, उद्या काय वेगळं करशील? तिनं जरा विचार करून प्रामाणिकपणे सांगितलं, काईच नाही.

मग तीच बोलायला लागली. परसराम दिवसाला दहा-बारा पंप मारतो. तोंडाला रुमाल बांधतो, तो भिजतो, आणि भिजलेलाच दिवसभर नाकावर असतो. सदरा आठवड्यातून एकदा धुतला जातो. हातमोजे घाला म्हणता, ते घाटंजीत कोणत्या दुकानात मिळतात ते लिहिलं आहे का? मला माहीत नव्हतं. बडेबाबू पाठकोऱ्या कागदावर भराभर लिहून घेत होते, आणि मला वाटलं झालं आता, तेवढ्यात ती टोपली उचलता उचलता थांबली.

"बाबू, खरी गोठ तं तुमी लेहिलीच नाही. बाजूच्या तांड्यात एक जन फवारता फवारता पडला. त्याले जीपात टाकाच्या आंधी लोकायनं बाटली नाल्यात फेकली."

बडेबाबूंनी विचारलं, काहून?

"बाटली दिसली का लोक म्हनते, यानं जानून पेलं. मंग पोलीस येते. घरच्यायले पुसते. त्या घरच्या पोरीले कोनी सून करत नाही. म्हनून आंधी बाटली लपवते, मंग मानूस उचलते."

तो माणूस वाचला का, असं मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

मी कृषी पदवीधर, शेतकऱ्याचा मुलगा, त्या वर्षी पंधरा गावं हिंडलो होतो, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सांगितली नव्हती म्हणजे मी विचारली नव्हती. आम्ही 'योग्य ते उपचार घ्यावेत' छापत होतो आणि इकडे माणसं भीतीपोटी स्वतःच्या हातांनी उपचाराची वाट नाल्यात फेकत होती. बडेबाबूंनी पेन्सिल खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला कोट घातला आणि मला घेऊन निघाले. आधी दवाखाना. डॉक्टर तरुण होते, बोलायला त्यांना सवड नव्हती, पण बडेबाबूंचे प्रश्न असे नेमके होते की ते स्टूल ओढून बसले. ते म्हणाले, रुग्ण आणतात आणि विचारलं तर सांगतात, औषध मारत होता. कोणतं औषध? कुणी सांगत नाही. बाटली हाती आली तर माझा अंदाजात जाणारा वेळ वाचेल. आणि दूध, तूप, निंबाचा रस पाजत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा आणि लवकर आणा.

मग आम्ही ठाण्यात गेलो. मी बाहेरच थांबायच्या बेतात होतो. बडेबाबू हवालदारांपुढे जाऊन बसले आणि विचारलं, फवारणीत विष लागलेल्या माणसासोबत बाटली आणली तर तुम्ही नक्की काय करता? असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"नोंद होते, बाबूजी. ते तं होनारच, बाटली असो का नसो. दोन गोष्टी पुसतो, जबाब लेहितो, सही नाही तं अंगठा घेतो. काम करता करता औषध लागलं, हा गुन्हा थोडीच हाय? लपवलं तं उलट आमाले शंका येते."

बडेबाबूंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना म्हणून विचारलं. रस्त्यावर आल्यावर ते मला म्हणाले, तीस वर्षं कचेरीत काढली, पण इतकं इन्फॉर्मेटिव्ह वाक्य माझ्या टेबलावरून गेलं नाही.

पत्रक आम्ही ओसरीवर लिहिलं. शेतकरी बंधूंनो नाही, सुरक्षितरीत्या नाही. वाऱ्याकडे पाठ करून मारा. ओला रुमाल बदला. बिडी ओढायच्या आधी साबणानं हात धुवा. सदरा रोज धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे मिळण्याची दोन ठिकाणं, खुणेसकट. भोवळ आली, डोळ्यांपुढं अंधारलं, तोंडाला लाळ सुटली तर काम सोडून सांगा. बाटली सोबत न्या. बाटली नेल्यानं घरच्यांवर गुन्हा लागत नाही.

सोनाबाई पुन्हा आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि शेवटच्या दोन वाक्यांचा क्रम उलटा केला. म्हणाली, आंधी भेव काढा, मंग काम सांगा. गुन्हा लागत नाही हे पहिले लेहा, बाटली न्या हे मंग. आमचा मानूस पहिल्या गोठीवरच घाबरून उठून जाते, दुसरी आयकाले थांबतच नाही.

बडेबाबूंनी स्वतः लिहिलेला कागद फाडला आणि नवीन घेतला. साऱ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांच्या लेखनावर रेघा मारल्या, आज पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी मारली होती. आणि ते इतके खूश होते की काकूंनी न सांगता दुसरा चहा केला. मला म्हणाले, या बाईले तो शब्द माहीत नाही, पण त्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तांड्यावर वाचणारे कमी, म्हणून सोनाबाईनं ते सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगायचं ठरवलं. बडेबाबूंनी तिच्याकडून ते चार वेळा वदवून घेतलं. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण प्रत्येक मुद्द्याला ती थांबली की ते बोटांवर मोजत होते आणि एक कमी भरला की हात वर करत होते. तिच्या सासूलाही तिनं शिकवलं, कारण तांड्यावर याडी म्हणजे आईनं सांगितलेलं कुणी मोडत नाही.

पत्रक छापून मी वाटायला लागलो, पण आमच्या साहेबांना ते आवडलं नाही. मंजूर मसुदा बाजूला ठेवून, त्यात पोलिसांचा उल्लेख घालून परस्पर वाटप केल्याबद्दल मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मी घाबरलो. माझी नोकरी कायम व्हायची होती. बडेबाबू पत्र पाहून म्हणाले, खुलासा द्यायला खुलासा असावा लागतो, तो आपल्याकडे आहे. पण मला धीर येत नव्हता. उरलेल्या प्रती मी ट्रंकेत टाकल्या आणि दोन दिवस तांड्याकडे फिरकलो नाही. हे लिहितानाही मला त्याची शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी परसराम शेतात पडला.

पुढचं मी दवाखान्यात सोनाबाईच्या तोंडून ऐकलं, तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या. ती त्याच शेतात निंदत होती. परसराम पंपासकट खाली बसला, मग आडवा झाला, तोंडाला लाळ, हात थरथरत होते. लोक धावले. कुणी तूप आणायला पळालं. परसरामच्या थोरल्या भावानं सवयीनं आधी बाटली उचलली आणि नाल्याकडे निघाला. सोनाबाईनं नवऱ्याला सोडलं आणि दिराच्या मागे धावली. तांड्याच्या रीतीनं ती दिरापुढं डोक्यावरचा पदरही कधी ढळू देत नसे. तिनं त्याचा हात धरला आणि बाटली हिसकून घेतली. दीर म्हणाला, आपल्या पोरीचं लगन हाय. ती म्हणाली, गुन्हा लागत नाही, ठान्यात पुसलं हाय, आणि माहा नवरा हाय. सासूनं तूप आणणाऱ्याला वाटेतच परत पाठवलं. सदरा फाडून काढला, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, हौदाशी नेऊन सोनाबाईनं त्याला डोक्यापासून साबणानं धुतलं, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराला गाठ मारली आणि त्याला घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसली.

कळल्यावर आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो. डॉक्टर बाटलीवरचं बारीक अक्षर खिडकीशी धरून वाचत होते. वाचलं आणि लगेच सिस्टरला काय द्यायचं ते सांगितलं. हवालदार आले, तेच टोपीवाले. सोनाबाई उठून उभी राहिली आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाली, फवारता फवारता लागलं, हे बाटली. त्यांनी लिहून घेतलं, अंगठा घेतला. जाता जाता बडेबाबूंकडे पाहून त्यांनी नुसती मान डोलावली.

परसरामनं तिसऱ्या दिवशी डोळे नीट उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, पंप कोठी हाय? सोनाबाईनं त्याला असं काही सुनावलं की शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हसायला लागला. वाचवायचं काम डॉक्टरांचं होतं, आमचं नव्हे, हे मला कळतं. पण डॉक्टरांनी बाहेर येऊन बडेबाबूंना स्वतःहून सांगितलं की या वेळी मला अंदाज करावा लागला नाही. मग विचारलं, तो कागद आणखी आहे का, मला इथल्या भिंतीवर लावायचा आहे. मी धावत खोलीवर गेलो आणि ट्रंक उघडली.

माझा खुलासा बडेबाबूंनी लिहिला. त्यात विनंती नव्हती, क्षमा नव्हती, विशेषण एकही नव्हतं. कोण पडला, किती वाजता, बाटली कुठं होती, ती कुणी आणली, डॉक्टर काय म्हणाले. साहेबांनी तो वाचला, परत वाचला आणि मला आत बोलावून विचारलं की आणखी किती गावांना पुरतील इतक्या प्रती काढता येतील. ते मनानं वाईट नव्हते, त्यांना फक्त आजवर सगळ्यांनी 'योग्य ती कार्यवाही' एवढंच लिहून दिलं होतं. त्यानंतर तांड्यातांड्यांतून माणसं येऊन बाटलीवाला कागद मागू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते सोनाबाईला मागू लागले.

चार तांड्यांच्या बायकांची बैठक भरली तेव्हा नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, बडेबाबूंना मानाची खुर्ची दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मी धसकलो, कारण त्यांचे चार शब्द मला ठाऊक होते. पण त्यांच्या आधी सोनाबाई बोलली, गोरबोलीत, हातवारे करून, परसरामला मध्ये उभा करून त्याच्या पाठीवर पंप कुठं येतो ते दाखवून. बायका हसत होत्या, विचारत होत्या, एक म्हातारी सगळं पुन्हा म्हणून दाखवत होती. बडेबाबूंची पाळी आली. ते उभे राहिले, म्हणाले, मला सांगायचं होतं ते यांनी सांगितलं आहे, आणि खुर्ची बाजूला करून खाली सतरंजीवर बायकांच्या मागे जाऊन बसले.

दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी आणि ते भाजीला गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती, फवारण्या संपल्या होत्या. सोनाबाई वांग्यांचा ढीग लावून बसली होती. तिनं यांची पिशवी भरली आणि मग हात पुसून, हंगामाचा हिशेब नायकापुढं द्यावा तसं, ताठ बसून सांगितलं.

"बाबू, परसरामच्या मांगून आमच्या तांड्यातून अजून तिघं गेलते दवाखान्यात. तिघायच्याही संग बाटली होती. तिघंही आपल्या पायानं चालत घरी आले."

बडेबाबूंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चष्मा भरून आला, भर बाजारात, ओळखीच्या शंभर माणसांपुढं. त्यांनी तो पुसला नाही. त्यांनी तिला त्या तिघांची नावं विचारली, आणि एकेक नाव तिच्यामागून मोठ्यानं म्हटलं.